दुसऱ्या ओट्यावरची जुडी

त्या शुक्रवारी दोन्का शेपू विसरली नसती, तर तिला काही कळलंच नसतं. सकाळची खरेदी नेहमीसारखी झाली होती. पालक, पातीकांदा, गाजरं पोत्यात भरून, ती जिथे स्वयंपाक करायची त्या बालवाडीच्या फ्रिजमध्ये तिने नेऊन ठेवली होती. पण सोमवारी झेल्निक करायचं ठरलं होतं, आणि पातळ कणकेच्या थरांत नुसता पालक भरला, शेपू घातला नाही, तर पोरं लगेच ओळखतात. म्हणून दुपारची जेवणं उरकल्यावर, पातेली घासून पालथी घालून, ती पुन्हा कोट चढवून मंडईकडे निघाली.

फेब्रुवारी संपत आला होता. बाजार उठायच्या बेतात होता. माणसं ताडपत्र्या सोडत होती, सडलेली पानं पायाखाली चिकटत होती. ती नेहमी जिच्याकडून पालक घ्यायची त्या रायनाच्या ओट्यावर अजून पालकाच्या चार-पाच जुड्या दिसत होत्या, हिरव्याकंच, मुळं धुऊन साफ केलेल्या. वर पुठ्ठ्यावर मालाच्या गावाचं नाव होतं, स्त्रुमित्सा. रायना मात्र जागेवर नव्हती.

ती दिसली मंडईच्या पार दुसऱ्या टोकाला, इसाच्या ओट्यापाशी. डोक्याला तोच काळा रुमाल, हातात कापडी पिशवी. इसाने पालकाच्या दोन जुड्या झटकून पाणी निथळवलं आणि तिच्या पिशवीत घातल्या. रायनाने वर एक टोमॅटोचं पुडकं घेतलं, पिशवी कोटाखाली धरली आणि भराभर चालत परत आपल्या जागेकडे गेली. दोन्का खांबाच्या आड झाली. का झाली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"इसाभाऊ, शेपू आहे का?"

"आहे की. पण उशीर केलास ताई, मान टाकलीय त्याने."

"चालेल. रायना काय नेत होती?"

"पालक."

"तिच्याच ओट्यावर पालक पडलाय की."

इसाने शेपूची जुडी कागदात गुंडाळायला घेतली. गुंडाळताना तो खाली बघत राहिला. "दर शुक्रवारी नेते. माझा गोड लागतो म्हणते."

"तिचा काय कडू आहे?"

"ते तिला विचार."

"स्त्रुमित्साचा पालक कडू असतो हे आजच ऐकतेय."

"स्त्रुमित्सा!" इसा फिस्सकन हसला. "पाटीवर काय, उद्या मी पॅरिस लिहीन. हे बघ ताई, मला रायनासारख्या बायकांबरोबर रोज याच मंडईत बसायचंय. पहाटे त्या कुठल्या बसमधून उतरतात ते बघायला कुणाला बंदी नाही. मी काही बोललो नाही. घे तुझा शेपू."

दोन्काला पहाटेपर्यंत थांबायची गरज पडली नाही. ती बाजाराच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने रायना रिकामे क्रेट घेऊन आली, तिच्यामागून आणखी चौघी आल्या, आणि सगळ्या मिळून एका जुनाट पांढऱ्या मिनीबसमध्ये चढल्या. काचेवर पुठ्ठा लावला होता. क्रुशेत्स.

क्रुशेत्स म्हणजे भट्टी. हे त्या भागात पोराटोरांनाही ठाऊक होतं. शिशाची भट्टी बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण तिने ओकलेला काळा ढीग गावाच्या उशाशी डोंगरासारखा उभा होता, आणि त्याच्या पायथ्याच्या तळ्यातलं पाणी पाझरत ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत उतरत होतं. मध्यंतरी कुणीतरी येऊन माती तपासली, पालेभाज्या लावू नका म्हणून पाट्या ठोकल्या. नंतर पाट्याही गेल्या. उरलं ते एवढंच, की क्रुशेत्सचा माल म्हटला की गिऱ्हाईक हात मागे घ्यायचं.

आणि दोन्का तिसरा हिवाळा रायनाकडून पालक घेत होती.

घेत होती, कारण रायना चांगली होती. मुळं खरवडून द्यायची, ओला पाला खाली दडवायची नाही, वर मूठभर अजमोद्याची पानं टाकायची. भाव इतरांपेक्षा कमी लावायची. मोजताना गप्पा मारायची. "पोरं खातात ना गं?" असं ती दुसऱ्या हिवाळ्यापासून नेहमी विचारायची, आणि दोन्का म्हणायची, "चाटूनपुसून."

हे आठवलं आणि दोन्का तिथेच मागच्या दाराशी एका उलट्या क्रेटवर बसली.

*

रविवारी सकाळी ती त्याच पांढऱ्या बसने क्रुशेत्सला गेली. भट्टीची धुरांडी आधी दिसली, मग ढीग. वारा सुटला होता. ढिगाच्या माथ्यावरून बारीक काळी धूळ उठत होती आणि सरळ खालच्या परसांवर उतरत होती. आणि ती परसं! दोन्काने इतकी देखणी परसं कुठे पाहिली नव्हती. वाफे आखीव, पालक तरारलेला, पातीकांद्याच्या रांगा सरळसोट. एका अंगणात बायका मोठ्या टबात जुड्या धूत बसल्या होत्या. बाजारातल्या त्या चौघीही त्यात होत्या. दोन्काला बघून त्यांचे हात थांबले.

"रायनाचं घर?" तिने विचारलं.

एकीने नुसती हनुवटी उचलून दाखवलं.

रायना परसात वाकून खुरपत होती. दोन्काला बघितल्यावर ती सरळ झाली, तिने खुरपं कंबरेच्या पट्ट्यात खोवलं आणि फाटकाबाहेर बघितलं. मग म्हणाली, "आत ये. बाहेर सगळे बघताहेत."

स्वयंपाकघर लख्ख होतं. खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली होती. रायनाने कॉफी ठेवली, भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीची बरणी आणि पाव पुढे केला. दोन्काने कशालाही हात लावला नाही.

"पाणी दुकानातलं आहे, बाटलीतलं," रायना म्हणाली. "मिरच्याही विकतच्या आहेत. घे."

"म्हणजे घरात सगळं विकतचं."

"सगळं."

"आणि परसातलं आमच्यासाठी."

रायना खुर्चीवर बसली. तिची बोटं काळवंडलेली होती, नखांत माती होती. "माझ्या मुलाची मुलगी इथेच असते, माझ्यापाशी. गेल्या वर्षी शाळेत रक्त तपासलं सगळ्यांचं. तिच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, परसातलं एक पान तिच्या पोटात जाता कामा नये. मी विचारलं, आम्ही जन्मभर खाल्लं त्याचं काय? तर म्हणाल्या, मोठ्यांचं वेगळं, पोरांच्या डोक्यात जातं ते. शिकायला मागे पडतात, चिडचिडी होतात. तेव्हापासून इसाचा पालक."

"मी कुणासाठी नेते ते तुला माहीत होतं."

"पहिल्या हिवाळ्यात नव्हतं. मला वाटलं, तुझी खाणावळ आहे."

"मग कळलं कधी?"

"तूच म्हणालीस एकदा, आज बालवाडीत एका पोराचा वाढदिवस आहे, जरा जास्त दे."

"आणि तू दिलास."

"दिला."

"त्यानंतरही?"

"त्यानंतरही." रायनाने बरणीचं झाकण घट्ट लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "तू आता काहीतरी ऐकायला थांबलीयस. रडेन, पाया पडेन असं. माझ्याकडे तसलं काही नाही, दोन्का. भट्टीत नवरा गेला, भट्टी बंद झाली, बंद करणारे गाडीत बसून गेले. ही माती उचलून टाकतो म्हणून कितीजण आले आणि फोटो काढून गेले. मला दुसरं काय येतं? मला पालक लावता येतो. बी टाकलं की उगवतं ते. बघितलास ना, कसा उगवतो? त्याच्याकडे बघून कुणाला कळेल? मलाही कळत नाही."

"उद्या माझ्याबरोबर चल. तुझ्या तोंडाने सांग त्यांच्या आईबापांना."

"नाही."

"रायना..."

"नाही म्हटलं ना. तुला सांगायचं तर सांग. मी अडवणार नाही. पण माझ्या पायांनी मी तिथे येणार नाही."

दोन्का उठली. दारापर्यंत गेल्यावर तिला हात धुवावेसे वाटले, पण तिने ते तिथे धुतले नाहीत. फाटकाबाहेर त्या चौघी उभ्या होत्या. बसच्या थांब्यापर्यंत त्या तिच्यामागून चालत आल्या आणि बस सुटेस्तोवर तिथेच उभ्या राहिल्या.

*

सोमवारी तिने बालवाडी उघडल्याबरोबर फ्रिजमधला सगळा पालक काढून काळ्या पिशव्यांत भरला. पातीकांदाही भरला. तेवढ्यात व्हिओलेटा आली. बालवाडी तिची होती; तिने आईच्या घराचा खालचा मजला रंगवून, बुटकी टेबलं लावून ती उभी केली होती. दोन्कापेक्षा वयाने पुष्कळ लहान, पण पगार देणारी, म्हणून दोन्का तिला बाईच म्हणायची.

दोन्काने सगळं सांगितलं. व्हिओलेटाने कोटही काढला नव्हता. ऐकता ऐकता ती एका बुटक्या खुर्चीवर बसली, गुडघे छातीशी आले.

"अजून कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. तुम्हालाच."

"छान. मग ऐक. त्या पिशव्या मी गाडीत टाकते. आज बटाट्याचं काहीतरी कर. त्या बाईकडे पुन्हा पाऊल टाकायचं नाही. बास."

"आणि मुलं?"

"मुलांना काय झालंय? खेळताहेत, पळताहेत. तू डॉक्टर आहेस का?"

"म्हणूनच म्हणते बाई, डॉक्टरांना बघू द्या."

"दोन्का, तुला कळतंय का तू काय बोलतेयस? एक जरी आई बोंबलली तरी आठवड्यात इथे कुत्रं फिरकणार नाही. आणि विचारतील, भाजी कुणी आणली? मी आणली? कुठून येते ते तू विचारलंस? पाटी वाचलीस आणि विश्वास ठेवलास. तुझ्याच हातचं खाल्लंय त्यांनी."

"माझ्याच हातचं," दोन्का म्हणाली. "ते काही मी नाकारत नाही."

दिवसभर तिने बटाटे सोलले, उकडले, लोण्यात परतले. नेदा नावाची एक गालफुगी पोरगी होती, नेहमी दुसऱ्यांदा ताट पुढे करायची, आणि दोन्काला त्याचा अभिमान वाटायचा. बाकीच्यांना ती नेदाचं नाव सांगून भरवायची. त्या दिवशी नेदाने विचारलं, "दोन्कामावशी, हिरवं कुठंय?" दोन्काने तिला आणखी एक बटाटा वाढला आणि मागे वळून नळ सोडला.

संध्याकाळी आईबाप मुलांना न्यायला येऊ लागले तेव्हा ती ॲप्रन न सोडता दारात जाऊन उभी राहिली. व्हिओलेटाने आतून हाक मारली, "दोन्का, आत ये." ती हलली नाही. "दोन्का, मी काय म्हणतेय!"

पहिली नेदाची आई आली. एमिलिया, औषधांच्या दुकानात काम करणारी, कायम घाईत.

"जरा थांबा," दोन्का म्हणाली. "इथे मुलांनी जो पालक खाल्ला तो क्रुशेत्सचा होता. मला माहीत नव्हतं. शुक्रवारी कळलं. मुलांचं रक्त तपासून घ्या."

एमिलियाच्या हातात मुलीची टोपी होती. "किती दिवस?"

"हा तिसरा हिवाळा."

एमिलियाने नेदाला उचललं. टोपी जमिनीवर पडली ती तिने उचललीही नाही. मागून येणाऱ्या जोडप्याला दोन्काने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग त्यांच्या मागच्याला. एक बाप तिच्या अंगावर धावून आला, त्याच्याच बायकोने त्याला मागे ओढलं. एक आजी पायरीवर बसून रडू लागली. व्हिओलेटा आतून बाहेर आली, पण तोपर्यंत ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. शेवटचं मूल गेल्यावर दोघी दारात उभ्या राहिल्या.

"उद्यापासून येऊ नकोस," व्हिओलेटा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे दोन्काला ते जास्त लागलं.

*

रक्ताचे निकाल यायला वेळ लागला. काही मुलांचे ठीक निघाले, काहींचे थोडे वर. सगळ्यांत वर नेदाचा निघाला.

पालक नुसता आवडीने खाल्ला म्हणून एखाद्या पोरीच्या वाट्याला जास्त विष यावं, हे दोन्काला सोसवेना. तिने एमिलियाच्या घराखाली दोनदा चकरा मारल्या आणि दोन्ही वेळा घंटी न वाजवता परतली.

मग बाजारात तपासणीवाले आले. दोघेजण होते, एक लठ्ठ आणि एक तरुण. आईबापांनी तक्रार केली होती, त्यामुळे दोन्कालाही बोलावून घेतलं होतं, ओळख पटवायला. मंडई भरलेली. लोक खरेदी सोडून गोळा झाले. रायना आपल्या ओट्यामागे उभी होती. पुठ्ठ्यावर स्त्रुमित्सा लिहिलेलं तसंच होतं. तिच्या दोन्ही बाजूंना त्या चौघी होत्या, त्यांच्याही पुढ्यात हिरव्यागार जुड्या, त्यांच्याही पुठ्ठ्यांवर तेच गाव.

"हीच का?" लठ्ठ माणसाने विचारलं.

"हीच," दोन्का म्हणाली.

"बाई, माल कुठला तुमचा?"

रायनाने पुठ्ठा उचलला आणि उपडा ठेवला. "क्रुशेत्सचा. ढिगाखालच्या परसातला. माझाच आहे. लिहा काय लिहायचं ते."

गर्दीतून एक बाई शिव्या देऊ लागली. कुणीतरी सडकं गाजर फेकलं, ते रायनाच्या खांद्याला लागलं. तिने ते झटकलं नाही.

"आणि या?" तरुण माणसाने आजूबाजूच्या चौघींकडे बोट केलं.

"या नाहीत आमच्यातल्या," रायना म्हणाली. "या खरोखर स्त्रुमित्साच्या. मी त्यांचं बघूनच पाटी लावली होती."

चौघींपैकी कुणी पापणीही हलवली नाही. तरुण माणूस मान डोलवून लिहू लागला. दोन्का समोरच उभी होती. रायनाने मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत काही मागणं असेल तर ते एवढंच होतं, की जे मिळायचं ते मला एकटीला मिळू दे, माझ्या शेजारणींच्या चुली विझवू नकोस. दोन्काला ते पुरतं समजलं. टबात हात घालून बसलेल्या त्या बायका तिला आठवल्या, खिडक्यांच्या फटींत कोंबलेली फडकी आठवली. हिने एकदा तरी खरं बोलावं म्हणून आपण तिच्या दारी गेलो होतो. आणि आज ती खरं बोलली, आणि लगेच दुसऱ्यांसाठी खोटंही बोलली. चौघींच्या ओट्यांवर मिळून निदान शंभर घरांची भाजी होती.

"खोटं बोलतेय ती," दोन्का म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की लठ्ठ माणसाने कान पुढे केला. "काय म्हणालात?"

"या चौघीही क्रुशेत्सच्या आहेत. मी त्यांना तिथे जुड्या धुताना बघितलंय."

मग जे व्हायचं ते झालं. ओटे पालथे झाले. पालक पोत्यांत कोंबला गेला. चौघींतली सगळ्यांत म्हातारी खाली बसून आपल्या जुड्या पुन्हा पुन्हा कवेत ओढत होती, आणि तरुण माणूस तिला "आजी, सोडा, सोडा ना" म्हणत होता. रायना त्या गोंधळात दोन्काच्या अगदी जवळ आली.

"तुझी पोरं वाचली," ती म्हणाली. "आता यांची पोरं काय खातील, तेही येऊन सांग एखाद्या रविवारी."



*

एप्रिलमध्ये दोन्काला एका बेकरीत कणिक मळायचं काम लागलं. बालवाडी बंद पडली नव्हती. व्हिओलेटाने अर्ध्या मुलांवर ती रेटत नेली होती. रायना बाजारात पुन्हा दिसली नाही. कुणी म्हणे ती शहरात जिने पुसते, कुणी म्हणे गावानेच तिला वाळीत टाकलंय, कारण दोन्काला घरात घेतलं तिनेच.

एका सकाळी दोन्का इसाच्या ओट्यापाशी उभी असताना शेजारी एमिलिया येऊन थांबली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. दोन्काने पिशवी छातीशी धरली.

"नेदा कशी आहे?"

"पुन्हा तपासलं. थोडं उतरलंय." एमिलिया भाजीकडे बघत होती. "जेवत नाही. हिरवं दिलं की ताट ढकलते. मीच इतकं घाबरवून ठेवलंय तिला." तिने पालकाची एक जुडी उचलली, उलटी करून मुळं बघितली, पानं डोळ्यांजवळ नेली. मग जुडी दोन्कासमोर धरली. "हा घेऊ?"

दोन्काने पानाला हात लावला. पान गार होतं, टवटवीत होतं, रायनाच्या परसातल्या पानासारखंच होतं.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली. "बघून नाही कळत."

एमिलियाने जुडी खाली ठेवली आणि ती निघून गेली.

"वा!" इसा भडकला. "माझ्या ओट्यावर उभं राहून माझं गिऱ्हाईक पळवलंस! नदीकाठचं शेत आहे माझं, बापजाद्यांचं. कुठली भट्टी नाही, काही नाही."

"नदीच्या कुठल्या अंगाला?"

"म्हणजे?"

"भट्टीचा ओढा मिळतो त्याच्या वर की खाली?"

इसाने हातातला तराजू खाली ठेवला. त्याने रागाने शेपूच्या जुड्या इकडून तिकडे केल्या. "खाली आहे," शेवटी तो म्हणाला. "पण लांब आहे, ताई. पुष्कळ लांब आहे."

दोन्का काही न घेता तिथेच उभी राहिली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.